रिकाम्या घराची कड

देवळीहून वर्ध्याच्या प्रयोगशाळेत रोज बसनं जाणाऱ्या मेघानं आपलं काम आईला एकदा समजावून सांगितलं होतं. पेशी काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या ताटलीत वाढवायच्या. त्या स्वतःभोवती बारीक जाळी विणतात. मग साबणासारख्या द्रावणानं पेशी काढून टाकायच्या आणि जाळी तेवढी ठेवायची.

"म्हंजे ज्यायनं घर बांधलं, त्यायलेच हाकलते?" अन्नपूर्णाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "मोठी घरमालकीण झाली! मंग राह्यते कोन तिथं?"

"दुसऱ्या पेशी, माय. नाजूक असतात. उघड्या प्लास्टिकवर जगत नाईत."

त्या नाजूक पेशी एका रुग्णाच्या गुडघ्यातल्या कूर्चेच्या होत्या. आधीच्या कुप्या वाया गेल्या होत्या आणि आता गोठवलेली एकच कुपी उरली होती.

मेघानं जाळी विणणाऱ्या पेशी काढल्या. सूक्ष्मदर्शकाखाली ताटली रिकामी वाटत होती. इतकी रिकामी, की शेवटचं धुणं करताना तिनं पाणी कडेनं सोडायच्या ऐवजी, ताट विसळावं तसं सरळ वरून ओतलं. एका बाजूनं सायीसारखं काहीतरी पुसटसं उचललं गेलं, गुंडाळलं आणि पाण्याबरोबर निघून गेलं.

"मेघा, कुपी वितळली. आण ताटली," प्रयोगशाळेच्या प्रमुख सपना मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, एका कडेची जाळी निघाली. मी वरून ओतलं."

"काऊन? नळाखाली भाताचा गंज धुऊन राह्यली होती का?" मॅडमनी ताटली उजेडात तिरपी धरली. काहीच दिसेना. "बाकीची आहे का गेली?"

"माहीत नाई."

वितळलेली कुपी परत गोठवता येत नव्हती. दुसरी ताटली तयार नव्हती. मेघानं त्याच ताटलीत नाजूक पेशी थेंब थेंब, कडेनं सोडल्या आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बसनं आली. पिशवी खांद्यावरच ठेवून तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मधल्या भागात पेशी हातपाय पसरून बसल्या होत्या. एका कडेला मात्र त्या गोल गोल, सुट्या तरंगत होत्या. दोन्हींच्या मधून एक वाकडी, स्पष्ट रेघ गेली होती.

काल न दिसलेली जाळी कुठवर आहे, ते पेशींनीच दाखवलं होतं. मेघाची नजर त्या रेघेवरून पुन्हा पुन्हा फिरत राहिली.

मागून सपना मॅडम म्हणाल्या, "जगल्या?"

"बहुतेक जगल्या. या ना मॅडम, पाहा. घर कुठं संपते ते दिसून राह्यलं."