अण्णांची अमावास्या

अण्णांना काहीही विचारलं की ते आधी डोक्यावरची टोपी काढायचे, आत बघायचे आणि परत घालायचे. मग म्हणायचे, "बघूया की." उत्तर टोपीत लिहिलेलं असावं असं आम्हाला सुरुवातीला वाटलं. टोपीत काही नव्हतं. मी बघितलंय.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो नाही म्हणत नाही आणि हो म्हटल्याचंही कळू देत नाही. आमचे अण्णा सांबऱ्याचे. त्यांचं शेत विमानतळाच्या कुंपणापासून जवळ. विमान उतरायला लागलं की आम्ही वडगावची माणसं माना वर करून बघत राहायचो. अण्णा बघायचे नाहीत. "रोजचं हाय ते," म्हणायचे.

आमची गल्ली विणकरांची. पूर्वी शेजारी भात शिजला की भिंतीपलीकडं वास यायचा. तो भात आता मिळत नाही. बाजारात मिळतो त्याला नाव तेच आहे, वास नाही. तेव्हा ठरलं, एखाद्या शेतकऱ्याकडून गल्लीपुरता पिकवून घ्यायचा. त्यानं पिकवायचा, आम्ही बरावाईट जसा येईल तसा सगळा उचलायचा. बोलणी करायला मला पाठवलं. मी आमच्या घरातली पहिली बी.कॉम. हे मी सगळीकडं सांगते, इथंही सांगितलं. बी.कॉम.चा आणि भाताचा काय संबंध, हे गल्लीत कुणी विचारलं नाही. मीही नाही.

बऱ्याच शेतकऱ्यांनी सरळ नकार दिला. ते जुनं भात उंच वाढतं आणि जरा वारापाऊस झाला की आडवं पडतं. अण्णांकडं त्याचं थोडं बी घरच्या कणगीत राहिलं होतं. त्यांनी टोपीत बघितलं. "बघूया की." मी येऊन सांगितलं, अजून ठरलं नाही. पुढच्या वेळी गेले तर रोप टाकून झालं होतं.

"काय गं बीकॉम, येवढ्या उशिरा आलीस?" ते म्हणाले. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. मला ते चाललं.

गल्लीनं कामाला मदत करायची असंही ठरलं होतं. आता आमचे माग रविवारीही चालतात, ते थांबतात फक्त अमावास्येला. म्हणून अमावास्येला आम्ही बायकापोरांसकट, डबे घेऊन, स्कूटरवरून सांबऱ्याला गेलो. अण्णांनी सगळ्यांना बांधावर बसवलं.

"आज जमिनीला हात लावायचा न्हाय. अमावास्या हाय. तिला बी एक दिस सुट्टी."

पुढच्या अमावास्येलाही तेच. आम्हाला दुसरा दिवस नाही, त्यांना तो दिवस चालत नाही. आम्ही जायचो, जेवायचो आणि भाताकडं बघून परत यायचो. "असली मदत मला जल्मात कुणी केली न्हाय," असं अण्णा आमची शेंगदाण्याची चटणी खात म्हणायचे.

बांधावर बसून विणकर गप्प बसेल असं नाही. माझ्या बाबांनी ओळी बघून सांगितलं, "अण्णा, काठ सरळ न्हाय आला."

"नेसणार हायसा व्हय?" अण्णा म्हणाले.

कापणी कोणत्या तारखेला होईल, असंही बाबांनी विचारलं. "साडी न्हवं ती," एवढंच उत्तर आलं.

एकदा ते वडगावला आले. माग चालताना जवळ उभं राहून, दोन्ही कानांवर हात ठेवून त्यांनी बघितलं. बाहेर आल्यावर विचारलं, "ह्ये बंद कधी पडतंय?"

"अमावास्येला," बाबा म्हणाले.

"आन मधी? लगीन, मयत, कायतरी?"

"मधी न्हाय. माझा बाप गेला त्या दिवशी बी शेजाऱ्यानं येऊन चालवला."

अण्णांनी टोपी काढली, पण आत न बघताच परत घातली. "मग माझ्यापरीस तुम्हीच कडक की."

दिवाळीनंतरच्या अमावास्येला आम्ही गेलो तेव्हा भात पिवळं झालं होतं आणि आभाळ काळं. एका कोपऱ्यातलं पीक आदल्या दिवशीच्या वाऱ्यानं झोपलं होतं. मजूर परवा येणार होते. पाऊस परवापर्यंत थांबेल असं दिसत नव्हतं. भिजलं तर गल्लीचा वर्षाचा भात जाणार होता, आणि बीही. कणगीतलं होतं नव्हतं ते सगळं याच शेतात पेरलेलं.

अण्णांची सून बांधावर विळे घेऊन उभी होती, कुणाकडं न बघता.

मी विचारलं, "अण्णा, कापू का?"

त्यांनी टोपी काढली. आत बघितलं. एवढा वेळ बघितलं की बाबांनी माझ्याकडं बघितलं. मग टोपी घातली, आणि पहिल्यांदाच "बघूया की" म्हणाले नाहीत. बांधावर गेले, शेताकडं पाठ केली आणि विमानतळाकडं तोंड करून बसले.

"पाठीमागचं मला काय दिसत न्हाय," म्हणाले.

आम्ही कापायला लागलो. गल्लीतल्या कुणी कधी विळा धरलेला नव्हता. सून एकेकाचा हात धरून दाखवत होती. अण्णा मान न वळवता ओरडत होते, "डावीकडं कोण हाय त्यो? उंच कापतोयस रं! बुडातनं धर!"

डावीकडं बाबा होते आणि ते पाणी पीत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि वाकले.

पेंढ्या बांधायला गवताचा पीळ घालतात, तो आम्हाला जमेना. तेव्हा बाबांनी स्कूटरच्या डिकीतून उरलेलं सूत काढलं, जांभळं आणि हिरवं. गाठ मारायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

त्या दिवशी विमानं आली तेवढी सगळी अण्णांनी बघितली. त्या बाजूला दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं.

दिवस मावळताना सून म्हणाली, "मामंजी, झालं." ते वळले. शेत मोकळं होतं आणि झाकलेल्या गंजीतून जांभळी टोकं बाहेर आली होती.

"ह्ये भात हाय का लगीन?" अण्णा म्हणाले. मग गंजीपर्यंत गेले, एका गाठीला बोट लावून ओढून बघितलं. गाठ सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला.

भात आला, शिजला, आणि भिंतीपलीकडं कळला. अण्णांनी बियाण्याची एक पेंढी सुतासकट घराच्या आढ्याला टांगून ठेवली. पुढच्या वर्षी त्यातलंच रोप झालं. लावणी त्यांनी बघितली. कापणी नाही. श्रावणात, दुपारी जेवून अंग टाकलं, ते उठलेच नाहीत. आम्हाला निरोप मिळाला त्या दिवशी माग चालू होते. चालूच राहिले. बाबा आणि मी जाऊन आलो.

दिवाळीनंतर सुनेचा फोन आला. भात तयार आहे, मजूर मिळत नाहीत, तुम्ही येता का.

"अमावास्येला येतो," मी म्हटलं.

"अमावास्येला नको गं आक्का," ती म्हणाली. "मामंजी सांगून ठेवल्यात. झालं ते एकदाच झालं."

मी ते गल्लीत सांगितलं. जो तो आपापल्या घरात गेला, माग सुरू झाले. मला वाटलं, संपलं.

बुधवारी सकाळी बाबांनी मागापाशी जाऊन बटण खाली ओढलं. नेसलेली लुंगी सोडून पँट घातली. शेजारचा माग थांबला, मग त्याच्या पलीकडचा. गल्लीत इतकं शांत झालं की कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकून मी दचकले. डिकीत सूत भरून स्कूटर बाहेर निघाल्या.

वरच्या गल्लीतला एकजण सायकल थांबवून कान देत उभा राहिला.

"काय ओ, आज अमावास्या हाय काय?"

बाबांनी किक मारली.

"व्हय," म्हणाले.