संवाद चालू आहे

"बोला, मोकळं बोला," असं म्हणून देवणे सर स्वतः बोलायला लागत. सोलापुरातल्या आमच्या अध्यापक विद्यालयात खुर्च्या गोलात मांडायच्या, हा त्यांचा दंडक. "गोलाला डोकं नसतं," ते म्हणत. त्या गोलात हातांची खुर्ची एकच असे आणि तिच्यावर दुसरं कुणी बसत नसे. "मी शिकवत नाही, संवाद साधतो," हे तासाची घंटा झाल्यानंतरही ऐकू येई.

रेणुका आमच्या वर्गातली. घर शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. बोलणं तेलुगू, खालच्या खोलीत यंत्रमाग. तिचा शेवटचा सराव-पाठ सर तपासणार होते. तो गेला असता तर वर्ष गेलं असतं, आणि घरचे तिचं लग्न उरकायला टपलेलेच होते.

पाठ तिच्या गल्लीतल्याच शाळेत होता. "घरी माग कोण चालवतं?" तिने विचारलं. वर्ग उसळला. "अम्मा!" "नान्ना!" "टीचर, आमचा माग काल बंद पडला की!"

सर मागच्या बाकावरून उठले. "शांत बसा! संवाद चालू आहे."

मग तास संपेपर्यंत त्यांनी मुलांना मोकळेपणाने बोलण्याचं महत्त्व सांगितलं. शेरा दिला : विद्यार्थ्यांचा सहभाग नाही.

"सर, पोरं बोलत होती की."

"ओरडत होती, बेटा. पाठ पुन्हा घे."

पुन्हा घेताना तिने मुलांना आधीच सांगितलं, "मागावर बोलता तसं बोला." मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं ऐकू येत नाही, तिथली माणसं हातांनी बोलतात, आणि पोरं बघून बघून शिकतात. रेणुकाने विचारलं, मुलांनी खुणांनी उत्तरं दिली. वर्ग चिडीचूप. सर इतके खूश झाले, की उठून बोलू लागले. बराच वेळ झाल्यावर पुढच्या बाकावरच्या मुलीने मूठ वळून पोटाशी ओढली. मागोमाग सगळ्या वर्गाने.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"मनापासून पटलं, असं म्हणतायत, सर," रेणुका म्हणाली.

ती पास झाली. शेरा : जिवंत संवाद. सरांनी ती खूण उचलली आणि पुढे प्रत्येक शिबिरात शिक्षकांकडून करवून घेतली.

यंदा ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणाला रेणुका आपल्या वर्गाला घेऊन आली होती. आता ती त्याच गल्लीतल्या शाळेत शिकवते. भाषण लांबलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या तिच्या मुलांनी मुठी पोटाशी ओढल्या. पूर्व भागात या खुणेचा अर्थ एकच : माग बंद कर.

सरांनी मुलांकडे पाहून हात जोडले. त्यांनीही मूठ पोटाशी ओढली, घोटभर पाणी प्यायले आणि पुन्हा बोलायला लागले.