फळ्याखालची भुकटी

शाळा सुटल्यावर मी वर्गांच्या खिडक्या लावत होते. व्हरांड्याच्या पायरीशी एक उंच माणूस उभा दिसला. अंगात डिझेलने काळवंडलेला निळा शर्ट, हातात बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. कुणाचे तरी वडील तक्रार घेऊन आले असतील असं वाटून मी मनाची तयारी करत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, फळा पुसल्यावर खाली भुकटी पडते, ती टाकून देता का हो?"

"टाकूनच देतो. का?"

"मग मला द्या. ट्रकला लावायची आहे."

मला ती चेष्टा वाटली. पण ते वर्गात शिरले, फळ्याखालच्या लाकडी पट्टीवरची भुकटी कागदाने हळूच डब्यात लोटली आणि चिमूटभर घेऊन अंगठ्याने चोळून पाहिली. "छान मऊ आहे. दुकानातल्या पावडरीला सुगंध असतो. डिझेलचा वास त्यात हरवतो."

शाळेसमोरच्या रस्त्यापलीकडे त्यांचं गॅरेज होतं. पत्र्याचं छप्पर, जमिनीत खोदलेला एक लांब खड्डा आणि भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. ते फक्त डिझेलचे ट्रक घेत आणि त्यातही इंधनाचंच काम करत. सगळे ड्रायव्हर त्यांना वैद्य म्हणत. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा, इस्पितळातल्या कागदावर कळलं.

पुढे एकोणीस वर्षं तो डबा शाळेत येत राहिला. मधल्या सुट्टीत मी कधी कधी पलीकडे जाऊन त्यांचं काम पाही. एकदा एक ड्रायव्हर फार वैतागून आला होता. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, टाकी बदलली होती, फिल्टर बदलला होता, तरी ट्रकखाली डिझेलचं थारोळं साचायचं ते साचायचंच.

"टाकीजवळच ओलं दिसतं ना," ड्रायव्हर म्हणाला.

"नळ छतावर गळतो आणि ओल भिंतीच्या पायाशी दिसते. म्हणून काय पाया बदलायचा?"

वैद्यांनी इंजिनाच्या वरच्या अंगापासून टाकीपर्यंतच्या सगळ्या नळ्या फडक्याने कोरड्या पुसल्या. त्यांच्यावर भुकटी फुंकली आणि इंजिन सुरू करायला लावलं. पांढऱ्याशुभ्र नळ्यांवर थोड्या वेळाने एका ठिकाणी राखाडी रेघ उमटली, टाकीपासून चांगली हातभर वर. रेघ दिसली तरी त्यांचं समाधान होत नसे. डोळे मिटून ते उजव्या हाताचं पहिलं बोट नळीच्या खालच्या अंगाने फिरवत. "इथे," त्या दिवशी ते म्हणाले. उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या नळीला पकडीच्या आड केसाएवढी चीर होती.

"बाई, तुमच्या खडूने काम केलं," ड्रायव्हर मला म्हणाला.

"खडूने जागा दाखवली," वैद्य म्हणाले. "काम बोटाने केलं. बाईंना डोक्यावर चढवू नका, उद्या डब्याला कुलूप लावतील."

त्यांचं सगळं घर त्या एका बोटावर चाललं होतं, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही. यंत्रं लावून दोष शोधणारी मोठी गॅरेजं हमरस्त्यावर निघाली होती. तरी जुने ट्रक त्यांच्याकडेच येत. नवे ट्रक मात्र क्वचितच.

मी निवृत्त होऊन वर्ष झालं असेल. एक सकाळ मला स्वच्छ आठवते, कारण मी घरी कुटलेल्या खडूंचा डबा द्यायला गेले होते. खड्ड्यावर आठ महिन्यांचा नवाकोरा ट्रक उभा होता.

"केबिनमध्ये एवढा वास येतो की बायको म्हणते, घरी यायच्या आधी बाहेरच अंघोळ करा," ड्रायव्हर सांगत होता.

"ते ती वासामुळेच म्हणते, याची खात्री आहे का?" वैद्यांनी विचारलं, आणि ड्रायव्हरही हसला.

त्यांनी नळ्या पुसल्या. पुसताना इंजिनावरचं धोक्याच्या सूचनेचं एक चित्र उघडं पडलं. एक हात, त्यावर तुषार आणि मधून आडवी लाल रेघ. त्यांनी ते पाहिलं. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. "अशी चित्रं सगळीकडेच असतात, बाई. बॅटरीवर असतात, पंख्यावर असतात. बघत बसलो तर काम कधी करायचं?"

इंजिन सुरू झालं आणि भुकटी नळीवर टिकेना, धुरासारखी उडू लागली. जुन्या ट्रकमध्ये डिझेल झिरपायचं. ह्या ट्रकमध्ये ते इतक्या दाबाने नळ्यांतून धावत होतं की दिसणारही नाही अशा छिद्रातून सुईसारखं बाहेर येत होतं. भुकटीने काही सांगितलं नाही, तेव्हा वैद्यांनी डोळे मिटले आणि बोट फिरवलं.

हात झटकन मागे आला. "चावली," ते म्हणाले.

मी बोट पाहिलं. टोकाशी सुई टोचल्याएवढा पांढरा ठिपका होता. रक्त नाही, जळजळ नाही. साबणाने हात धुऊन त्यांनी नवी नळी बसवली, हातपंपाने नळ्यांतली हवा काढली आणि इंजिन चालवून पाहिलं. सगळं कोरडं ठणठणीत. ड्रायव्हर दुपारच्या आत मार्गाला लागला. गळती अगदी बरोबर सापडली होती.

संध्याकाळी त्यांच्या पत्नी माझ्या दाराशी आल्या. "बाई, तुम्ही सांगून बघा. ह्यांचं बोट गार पडलंय आणि हात कोपरापर्यंत ठणकतोय. मी बोलले की म्हणतात, तुला सगळ्यातच आजार दिसतो."

आम्ही त्यांना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी ठिपका पाहिला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. एवढ्याशा ठिपक्याला कोण काय करणार? मलाही तेव्हा पटलंच. मोठ्या इस्पितळात आम्ही पोचलो ते तिसऱ्या दिवशी. तोवर बोट काळं पडलं होतं.

"त्याच दिवशी हात उघडून आतलं धुवायला हवं होतं," शल्यचिकित्सक म्हणाले. "बाहेर ठिपका दिसतो, पण डिझेल आत तळहातापर्यंत पसरलेलं असतं."

वैद्य माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, जिथे दिसतं तिथे गळत नसतं. हे मी सगळ्यांना सांगत आलो."

पहिली दोन बोटं काढावी लागली. अंगठा राहिला, पण तो वळत नाही. उरलेल्या बोटांना गरम-गार कळत नाही.

चार महिन्यांनी त्यांनी गॅरेज पुन्हा उघडलं. एक जुना ट्रक आला. मी पलीकडच्या फुटपाथवर उभी राहून पाहत होते. त्यांनी भुकटी फुंकली, रेघ उमटली, ड्रायव्हरला जागा अचूक सांगितली. मग नट धरायला गेले. तो खड्ड्यात पडला. दुसरा घेतला, तोही पडला. डाव्या हाताने पाना लावला, तो घसरून नळीच वाकली. ड्रायव्हर जुना ओळखीचा होता. म्हणाला, "राहू द्या वैद्य, घाई नाही मला." आणि तासाभराने ट्रक घेऊन हमरस्त्याकडे गेला.

गॅरेजची जागा आता टायरवाल्याकडे आहे. पाने कुणी नेले, हे मी विचारलं नाही.

मग एक दिवस ते माझ्याकडे आले, पाटी मागायला. "गोदामावर नोकरी मिळतेय. पण लिहिता यायला हवं. डाव्या हाताने."

दीड महिना ते रोज दुपारी येत होते. आकडे लवकर जमले, अक्षरं कलंडत राहिली. मी म्हटलं, "पहिलीतली मुलं यापेक्षा वाईट काढतात."

"माझं उजव्या हाताचंही असंच होतं, बाई. तेव्हा तुम्ही पाहिलं नाही म्हणून वाचलात."

शिकवणी संपली त्या दिवशी त्यांनी पाटीखाली पडलेली भुकटी सवयीने कागदावर गोळा केली. मग थोडा वेळ कागद हातात धरून बसले, आणि उठून ती मोरीत टाकून आले.

सध्या ते गोदामाच्या फाटकावर खुर्ची टाकून बसतात. आत येणाऱ्या ट्रकचा नंबर आणि वेळ डाव्या हाताने वहीत लिहितात.