तांब्याचा काठ

मनकर्णाबाईंना पाणी ओतताना पाहिलं की नवखा माणूस मनात हसायचा. तांब्याचा काठ आधी फुलपात्राच्या काठाला टेकवायचा, टेकला याची खात्री करायची आणि मगच धार सोडायची. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "सांडत नाय ना? मंग झालं."

बाईंचा उजवा डोळा नाकाकडं वळलेला. लहानपणी पिशोरला त्यांच्या आज्जीनं तो बघून पोर भाग्याची आहे असं गावभर सांगितलं होतं. ते भाग्य वाटेत कुठं अडकलं कोण जाणे, बाईंपर्यंत काही पोचलं नाही. तिशीत नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. दिरांनी गोड बोलून शेतातून बाजूला केलं. मग शहरात येऊन पुंडलिकनगरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन त्या नोकरी करणाऱ्या बायांची मुलं सांभाळू लागल्या. आता वयाला अठ्ठावन्न वर्षं झाली होती, गुडघे जिना चढू देत नव्हते आणि घरात पाच मुलं होती.

त्यातली एक यमू. भानुमती कचेरीत कारकून होती, ही तिची एकुलती एक मुलगी, नुकतं पाचवं सरलेलं. यमूचा डोळाही तसाच, उजवाच, आत वळलेला. समर्थनगरच्या डॉक्टरीणबाईंनी जाड भिंगांचा चष्मा दिला होता. त्याला मागून नाडी बांधलेली. शिवाय चांगल्या डोळ्यावर रोज सकाळी आठ ते बारा पट्टी चिकटवायची. चांगला डोळा झाकला की आळशी डोळ्याला काम करावंच लागतं, असं भानुमतीनं मनकर्णाबाईंना दोनदा समजावून सांगितलं. आठला ती स्वतः पट्टी चिकटवायची आणि कचेरी गाठायची. बाराला रिक्षावाला यमूला शाळेत न्यायचा.

मधले चार तास मनकर्णाबाईंचे.

पहिल्या दिवशी यमू दाराच्या चौकटीवर आपटली. दुसऱ्या दिवशी बाकीच्या पोरांनी तिच्याभोवती आंधळी कोशिंबीर मांडली. तिसऱ्या दिवशी ती कोपऱ्यात बसली आणि चार तास जागची हलली नाही, फक्त मधूनमधून म्हणायची, "आजी, काढ ना." रडली असती तर बाईंनी दामटलं असतं. पण तो न रडणारा आवाज त्यांना ऐकवेना. एकाची चड्डी बदलायची, दुसऱ्याचं दूध उतू चाललेलं, गुडघा ठणकतोय, आणि वर हे. चौथ्या दिवशी भानुमतीची लुना गल्लीबाहेर गेली तशी बाईंनी पट्टी ओल्या फडक्यानं हळूच सोडवली आणि चुलीमागं टाकली.

"आईला सांगू नगं," त्या म्हणाल्या. "मलाबी असाच डोळा हाय. माझं काय अडलं?"

संध्याकाळी यमूला न्यायला आलेल्या भानुमतीनं विचारलं, "मावशी, ठेवली का?"

"ठेवली की, ताई. बाराला काढली."

असे सहा महिने गेले. एकदा खोटं बोलताना जीभ अडखळते. रोज बोललं की ते खोटं आहे याचाही विसर पडतो. बाईंना खरोखर वाटायचं, आपण त्या लेकराची चार तासांची कैद चुकवतोय.

सहा महिन्यांनी तपासणीला जाताना भानुमतीनं बाईंनाही रिक्षात घातलं. "तुम्ही चला, मावशी. पट्टीचं तुम्हालाच जास्त माहीत." बाईंना नाही म्हणायला कारण सापडेना.

डॉक्टरीणबाईंनी यमूला पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. चांगल्या डोळ्यानं तिनं शेवटपर्यंत म्हटली. आळशी डोळ्यानं वरचं एकच मोठं अक्षर, पहिल्या तपासणीलाही तेवढंच वाचलं होतं.

"रोज चार तास बांधता?"

"एक दिवस खाडा नाही," भानुमती अभिमानानं म्हणाली. "आमच्या मावशी फार कडक आहेत."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग पट्टीचा उपयोग होत नाही असं धरावं लागेल. डोळा धड आहे, पण मेंदूनं त्याचं ऐकणं सोडलंय. सात-आठ वर्षांपर्यंतच काय ते जमतं, पुढं नाही. इतकं करूनही काडीचा फरक नसेल तर मुलीला उगाच छळू नका. थांबवू या."

यमूला तहान लागली होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर तांब्या-फुलपात्र होतं. तिनं तांब्याचा काठ फुलपात्राच्या काठाला टेकवला, टेकला याची खात्री केली आणि मग धार सोडली.

"मावशींची सवय उचललीय," भानुमती कसनुसं हसली.

"सवय नाही ती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकाच डोळ्यावर चालणाऱ्याला भांडं किती लांब आहे ते नीट कळत नाही. म्हणून टेकवून बघावं लागतं." मग त्यांचं लक्ष मनकर्णाबाईंकडं गेलं. त्या उठल्या आणि बाईंचा डावा डोळा तळहातानं झाकला. "मावशी, माझी बोटं किती?"

बाईंना बोटं दिसेनात. हातही दिसेना. समोर पिठाच्या गिरणीत उडतं तसं पांढुरकं काहीतरी होतं आणि त्यात भानुमतीच्या निळ्या साडीचा डाग. अठ्ठावन्न वर्षांत हा डोळा असा एकटा कुणी वापरायलाच लावला नव्हता. माझं काय अडलं, असं आपण त्या पोरीला म्हणालो होतो, हे आठवून त्यांना स्वतःची शिसारी आली. गप्प राहिलं तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. पट्टी आजच बंद होणार होती.

"ताई," त्या डोळ्यावरचा हात बाजूला न करताच म्हणाल्या, "म्या पट्टी ठेवलीच नाय. तुमी गेल्या की काढायची. पयले तीन दिस सोडले तर एक दिस बी ठेवली नाय."

यमू आता यायची नाही असं धरून मनकर्णाबाईंनी त्या रात्रीच तिची वाटी, चमचा आणि फ्रॉक पिशवीत भरून दाराशी ठेवलं. पण सकाळी आठला लुना वाजली. दुसरी बाई एका रात्रीत मिळत नाही, आणि कचेरी कुणासाठी थांबत नाही. भानुमतीनं पट्टी चिकटवली, दाबून बघितली. "बारापर्यंत, मनकर्णाबाई," एवढंच म्हणाली. मावशी हा शब्द तिच्या तोंडून पुन्हा कधी आला नाही.

त्यानंतर रोजची लढाई. यमू काढ म्हणायची, बाई नाही म्हणायच्या. तिच्यापुढं परातीत तांदूळ ओतून खडे निवडायला लावायच्या, आणि ती एकीकडं बोटांनी चाचपत दुसरीकडं बाईंना वाईट म्हणायची. एकदा चावलीसुद्धा. बाराला रिक्षा गेली की बाई भिंतीला पाठ टेकून बसून राहायच्या, जेवणसुद्धा नको व्हायचं. चारदा-पाचदा हात पट्टीकडं गेला. मागं घेतला.

दोन वर्षं लागली. डोळा पुरता चांगला झाला नाही, पण पाटीवरच्या पाच ओळी यमू वाचू लागली.

एका दुपारी शाळेला सुट्टी होती. बाईंनी पाणी मागितलं. यमूनं तांब्या उचलला आणि वीतभर उंचावरूनच धार सोडली. थेंबही बाहेर पडला नाही. बाई त्या धारेकडं बघत राहिल्या.

"आजी, तू का गं टेकवतेस?"

"मला कुणी पट्टी बांधली नाय, बाई," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि फुलपात्रासाठी हात पुढं केला. तो दोन बोटं अलीकडंच थांबला. यमूनं तो धरला आणि फुलपात्रावर नेऊन ठेवला.