रडका पंप आणि इतर पत्ते

रियाधबाहेरच्या आमच्या कॅम्पात कुणालाच पत्ता सांगता येत नाही. पाट्या अरबीत! मग आपणच नावं ठेवायची. मी इथे पाइप फिटर म्हणून बारा वर्षं काढली. नावं साचत गेली आणि प्रत्येक नावामागचा किस्साही.

हायवेवरचा पेट्रोल पंप म्हणजे 'रडका पंप'. चिपळूणच्या सावंतला तिथे फोन आला आणि तो ढसाढसा रडायला लागला. पंपावरचा बंगाली त्याला मिठी मारून रडू लागला.

"कौन गया भाई?"

"कोई नहीं! लडकी हुई है!"

"तो रोता क्यों है?"

"तू क्यों रोता है?"

"तेरे को देखके!"

कोपऱ्यावरचं मलबारी हॉटेल म्हणजे 'सासुरवाडी'. मालक आग्रह करकरून वाढायचा, म्हणून आमच्यातल्या गवसने हे नाव ठेवलं. गडी तेव्हा बिनलग्नाचा! पुढे सुट्टीत लग्न करून आला. विचारलं, "काय रे, खरी सासुरवाडी कशी?"

म्हणाला, "इथलं जेवण बरं!"

पुढे 'पाटलांचा यू-टर्न'. कोल्हापूरचे पाटील अठरा वर्षांनी कायमचे घरी निघाले. विमानतळाच्या वाटेवर ओरडले, "गाडी फिरवा, पासपोर्ट राहिला!" सगळे खोलीत परतलो, गाद्या उलट्यापालट्या केल्या. पाटील मात्र नुसते मधोमध उभे. पासपोर्ट त्यांच्याच खिशात!

"अहो पाटील, हे काय?"

"काही नाही. खोली एकदा बघायची होती."

कॅम्पाच्या वळणावर बस पकडायला उन्हात उभं राहावं लागायचं. आमचे सुतार नाना तांडेल, रत्नागिरीचे. त्यांनी सुट्टीच्या दिवशी पॅकिंगच्या फळ्यांचा बाक केला, वर पत्रा टाकला. नाना रिटायर होऊन गावी गेले आणि गेल्या वर्षी वारले.

त्यांचा मुलगा यंदा रियाधच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून लागला. बाप त्याला दोन वर्षांतून एक महिना दिसायचा. "काका, बाबा राहायचे ती जागा दाखवाल?" म्हणाला. मी त्याला घ्यायला शहरातल्या बत्हा बाजारात गेलो.

टॅक्सी स्टँडवर एक पठाण ड्रायव्हर गिऱ्हाईक गोळा करत होता, "नाना! नाना! यल्ला, चलो, नाना!"

पोरगा जागीच थबकला. "आप नाना को जानते थे?"

"कौन? नाना आदमी नहीं, जगह है! बैठना है?"

पोराने डोळे पुसले, पुढचं दार उघडलं.

"हाँ. दो सीट. नाना."