अळंबीचा हिरवा ठसा

श्रावणात बाजारात पानांवर मांडलेल्या अळंब्या दिसल्या की माजिवड्याजवळची ती केस आजही आठवते आणि मन खट्टू होतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी ठाण्यात फौजदार होतो. नावं कोणाचीच सांगणार नाही. त्या माणसांनी पुरेसं सोसलं आहे.

सकाळची हजेरी आटोपून चहा हातात घेतला, तोच इस्पितळातून वर्दी आली. एक वृद्धा उलट्या-जुलाबांनी दगावली होती, तिचा मुलगा सलाईनवर होता. आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, दोघांनी घरी केलेलं अळंब्यांचं कालवण खाल्लं होतं. अकस्मात मृत्यूची नोंद करतोय तोवर फोन वाजला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही.

"म्हातारी जमिनीच्या कागदावर सही करत नव्हती. सुनेनं काटा काढला. ती सोता जेवलीच नाय, विचारा तिला."

घर जुन्या स्थानिक शेतकऱ्यांचं. हमरस्त्यालगतची जमीन, बिल्डर दारात. हेतू मिळाला, संधीही मिळाली. पोलिसाला आणखी काय हवं असतं!

महिला शिपायाला शेजारी बसवून मी सुनेची चौकशी सुरू केली. पंचविशीची असेल. रडत नव्हती, नुसती पदराचं टोक पिळत होती.

"तू का नाही खाल्लंस?"

"सोमवार व्हता ना, साहेब. माजा उपास."

"आणि सासूचा नव्हता?"

"तिला गोल्या चालू. डॉक्टरनी उपास बंद केल्यान."

"अळंब्या कोणी आणल्या?"

"आईनीच. मी निस्त्या रांदल्या. लसून टाकलेला, काला नाय परला. तरी मी इचारला, आई, चांगल्या हायेत ना? ती बोलली, पारख झालेली हाय, तू रांद."

लसूण काळा पडला नाही की अळंबी खायला चालते, ही आपल्याकडची जुनी समजूत. ती पारख मी त्या लसणाचीच समजलो आणि पुढे गेलो.

इस्पितळात मुलाचा जबाब घेतला. भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "ती जेवली नाय. मना येवराच म्हाइत हाय." त्याची बायको दारातच उभी होती. तिने ते ऐकलं. खुनाच्या गुन्ह्यात मी अनेकांना अटक केली आहे, पण नवऱ्याच्या त्या एका वाक्यानंतरचा तिचा चेहरा मला विसरता येत नाही.

व्हिसेरा प्रयोगशाळेत गेला. अहवालाला महिने लागणार होते. तोवर गावाने निकाल लावून टाकला होता, आणि वरिष्ठ अटकेचं विचारत होते. तेव्हा आमच्या हवालदाराने त्याच्या शेजाऱ्याचं नाव सुचवलं. वर्तकनगरला राहणारे, बँकेत काम करणारे गृहस्थ. रविवारी भिंग घेऊन येऊरच्या डोंगरात हिंडायचे, अळंब्या ओळखायचे, त्यांची चित्रं काढायचे. शिक्षण कॉमर्सचं, वेड मात्र हे.

पोलिसांनी आपल्याला विचारावं याचाच त्यांना आनंद. जीपमध्ये अखंड बोलत होते. "साहेब, वारुळावरची अळंबी निराळी आणि कुत्र्याची छत्री निराळी. पण उलटून पाहिल्याशिवाय ओळखलीच म्हणू नये. माझा नियमच आहे." जीप त्या वस्तीकडे वळली आणि त्यांनी विचारलं, "इथं?" मग उतरेपर्यंत ते भिंगाची काच पुसत राहिले.

गोठ्यामागच्या गवतात, सुनेने दाखवलेल्या जागी, नव्या अळंब्या उगवल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, ताटलीएवढ्या. गृहस्थ गुडघ्यांवर बसले. देठावरचं कडं पाहिलं, एक उलटवली, खालची पाती भिंगातून पाहिली. "छाप घेतल्याशिवाय बोलणार नाही," एवढंच म्हणाले. चौकीत त्यांनी अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद मागितला, अळंबीची टोपी त्यावर पालथी ठेवली आणि वर काचेचा पेला झाकला. तिची बीजासारखी बारीक पूड रात्रभर कागदावर झडते आणि ठसा उमटतो. आम्हाला बोटांचे ठसे ठाऊक, हा नवाच होता.

सकाळी मी येण्याआधीच ते येऊन बसले होते. डोळे तांबारलेले. पेला उचलला. कागदावर हिरवट ठसा होता.

"विषारी. वारुळावरची असती तर गुलाबीसर पडला असता. कोवळी असताना पाती पांढरी असतात, म्हणून माणूस फसतो." मग खुर्ची ओढून ते माझ्यासमोर बसले. "आता माझा जबाब घ्या."

मी म्हणालो, "तज्ज्ञ म्हणून घेणारच आहे."

"तज्ज्ञ म्हणून नाही हो! सोमवारी सकाळी मी त्या रस्त्याने चाललो होतो. आजींनी कुंपणावरून टोपली दाखवली. खायच्या का, म्हणाल्या. मला ऑफिसची घाई. वस्तीतले लोक मला अळंबीवाले साहेब म्हणायचे, बरं वाटायचं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. खुशाल खा, म्हणालो. एकही उलटून पाहिली नाही."

पारख झालेली हाय. म्हातारीचा तो शब्द तेव्हा मला उलगडला.

ते गप्प राहिले असते तर कोणाला कळलं असतं? ऐकणारी एकटी म्हातारी, ती गेलेली. अळंबी विषारी होती एवढं ठशाने सिद्ध झालं. पण सुनेने ती जाणूनबुजून रांधली नाही, हे फक्त त्यांच्या जबाबाने सिद्ध झालं. तो नसता तर चोर सोडून संन्याशाला सुळी झाली असती, आणि इथे तर चोरही नव्हता. सरकारी वकिलांनी कागद पाहून सांगितलं, गृहस्थांवर गुन्हा बनत नाही. प्रकरण अपघात म्हणून मिटलं. शेवटच्या जबाबासाठी चौकीत आलेल्या बायकोला न्यायला नवरा आला. ती गेली त्याच्याबरोबर, पण पुढे पुढे चालत, मागे न बघता.

संशय नेहमी वाचलेल्या माणसावर जातो, हे त्या केसने मला शिकवलं. त्यानंतर कोणाकडे बोट दाखवण्याआधी मी थांबायला लागलो. आणि स्वतःविरुद्ध, न विचारता बोलणारा साक्षीदार साऱ्या नोकरीत मला तो एकच भेटला. त्याचं भलं व्हायला हवं होतं. झालं नाही, याचं वाईट वाटतं.

पुढे माझी कल्याणला बदली झाली. आंबिवलीजवळच्या रानातल्या अळंब्या खाऊन एक कुटुंब आजारी पडलं, तेव्हा मी वर्तकनगरला त्यांच्याकडे गेलो. भिंग, चित्रं, काहीच दिसलं नाही. "साहेब, मी आता ओळखत नाही," ते म्हणाले. मी खूप समजावलं. शेवटी निघताना त्या सुनेचा निरोप सांगितला. ती मला बाजारात भेटली होती, म्हणाली होती, "त्या साहेबांना सांगा, ते बोलले म्हनून मी आज माज्या घरान हाय."

त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं.

"ती आहे," ते म्हणाले. "आजी नाहीत."