जेवणाची विचारपूस करणाऱ्या सुभद्राबाई

गेल्या महिन्यात सुभद्राबाईंना पाहण्यास मी इस्पितळात गेलो, तेव्हा दारातच एका तरुण परिचारिकेने मला थांबवून हळूच विचारले, "जेवलात का, काका?" मी काय ते समजलो आणि तिथल्या बाकावर बसलो... कारण ही रीत त्या इस्पितळात खुद्द बाईंनीच पाडलेली होती.

बाई माझ्या शेजारच्या. संस्थानी अमलात, अकाली वैधव्य आल्यावर, त्यांनी परिचारिकेचे काम पत्करले व पुरुषांच्या वॉर्डात त्या लागल्या. रोगी दगावला की डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळत. नातलगांस सांगण्याचे बाईंकडे येई. खेड्यांतून आलेली माणसे सकाळपासून उपाशी, आणि एकदा कळले म्हणजे दहन होईतो त्यांच्या पोटात काही जाणार नाही. म्हणून बाई आधी विचारीत, चार घास खाऊ घालीत आणि मग सांगत. पुढे लोकांनी हे ओळखले. मंडईत बाईंनी कोणास सहज 'जेवलात का' विचारले तरी समोरच्याचा चेहरा उतरू लागला.

"अण्णा, मला बाळंतिणींकडं घालवा की," एके दिवशी माझ्या ओट्यावर बसून त्या म्हणाल्या. "मेल्याचं सांगून सांगून तोंडच तसलं झालंय माझं. एकदा तरी पोरगं झालं म्हणून सांगू दे कुणाला."

कचेरीपुढे अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली आहे. संस्थान विलीन झाल्यावर आलेल्या नव्या साहेबांनी ती बदली तात्काळ मंजूर केली, याचे श्रेय मी माझ्या मसुद्यास देतो.

परंतु बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर एके दिवशी इचलकरंजीचा एक विणकर बायकोसाठी ताटकळत उभा होता. त्याचा बाप पूर्वी बाईंच्याच वॉर्डात वारलेला. त्याला मुलगा झाला. बाई मोठ्या हौसेने सांगण्यास बाहेर गेल्या, त्याचा सुकलेला चेहरा पाहिला आणि सवयीने विचारून बसल्या, जेवलास का. तो मटकन खाली बसला. पोरगं धडधाकट हाय, बायको बरी हाय, असे बाई सांगत राहिल्या. पण मूल डोळ्यांनी पाहीपर्यंत त्याला ते खरे वाटेना. नंतर त्याने पेढे वाटले. बाईंच्या हातावर ठेवला तो मान वळवून.

बाई आपण होऊन जुन्या वॉर्डात परतल्या. मी दुसऱ्या अर्जाची तयारी दर्शविली, तेव्हा त्या थकून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, अण्णा. तिथं निदान मी कशाला आलेय ते लोकास्नी कळतं. पोटात चार घास तरी जात्यात." त्या कामात त्यांना समाधान होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. सेवानिवृत्तीच्या आतच त्या गेल्या, त्याही त्याच इमारतीत.

घरी मात्र बाईंनी हा प्रश्न कोणास कधी केला नाही. दारी आलेल्यापुढे, भूक असो वा नसो, मुकाट्याने ताट वाढीत. परवा तेरावा उलटल्यावर मी समाचारास गेलो. त्यांच्या धाकट्या जाऊबाईंनी एक शब्द न बोलता पाट मांडला, ताट आणून ठेवले. मी घरून जेवूनच निघालो होतो... तसे सांगावेसे वाटले नाही. हात धुऊन पाटावर बसलो.